राजीनाम्याचे पेढे

आमच्या घटस्फोटाच्या बोलणीसाठी मध्यस्थानं आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळात मी ही गोष्ट लोकांना मोठ्या समाधानानं सांगत असे. पलासियावरच्या एका वकिलाकडे मी एकदाच गेलो होतो. त्यांनी फी सांगितली, प्रत्येक तारखेचे वेगळे पैसे सांगितले, आणि मी चहा अर्धा टाकून उठलो. मिल बंद होऊन दुसरं वर्ष चालू होतं, आमची देणी अडकून पडली होती. अशा माणसाला कोणी फुकटात घर वाचवून देतो म्हटलं तर तो कसा नाही म्हणणार? त्या फुकटची किंमत कळायला मला पुढची काही वर्षं लागली. आणि त्या किमतीचा मोठा वाटा माझ्या बायकोनं भरला.

मी इंदूरच्या छत्रीबागेतला. वडील मिलच्या विणाई खात्यात कारकून होते, मी त्याच मिलच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी, पाळ्या, रजा. आमच्या गल्लीतल्या बहुतेक मराठी घरांचं असंच होतं. बायको साताऱ्याकडची. लग्न करून आली तेव्हा तिला इकडच्या भाषेची फार गंमत वाटायची. बँकेच्या दारावर 'अंदर आने की चेष्टा न करें' अशी, म्हणजे आत यायचा प्रयत्न करू नये अशी, पाटी बघून ती भर रस्त्यात थांबून हसली होती. "आत यायची चेष्टा करू नका म्हणे! मग काय, गंभीर तोंड करून या?" नाक्यावरच्या 'शिक्षा केंद्रा'समोरून जाताना तर ती दर वेळी विचारायची, "तुमच्याकडे पैसे भरून शिक्षा घेतात का हो?"

आई समजावायची, "अगं, इकडे शिक्षा मतलब शिक्षण."

"मतलब!" म्हणून ती पुन्हा हसायची. वडील गेल्यावर घरात आम्ही तिघंच, पण त्या पहिल्या वर्षांत हसायला निमित्तं पुष्कळ होती.

मग मिल बंद झाली. एका दिवसात नाही. आधी रात्रपाळी गेली, मग वीज तोडली, मग फाटकाला कुलूप लागलं आणि कुलपापुढे रोज सकाळी आम्ही उभे. वर्तमानपत्रात नव्या मोटारींच्या आणि परदेशी टीव्हीच्या जाहिराती पानभर येत, देश खुला झाला म्हणून अग्रलेख येत, आणि आमच्या गल्लीत भर दुपारी धडधाकट माणसं लेंगा-बनियनवर ओट्यावर बसलेली दिसत. मी त्यांतला एक. इतकी वर्षं मी लोकांची हजेरी घेत आलो होतो. आता घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणून मी बायकोची घेऊ लागलो.

आज हे एका वाक्यात लिहिता येतं. तेव्हा मला ते माझं प्रेम वाटत होतं. तिनं पलासियावर नव्यानं निघालेल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये नोकरी धरली. आधी चौकशीला येणाऱ्यांशी बोलायचं काम होतं, मग ती स्वतः शिकून शिकवायला लागली. मी विरोध केला नाही. उलट मी तिला स्कूटरवर सोडायला जायचो, आणायला जायचो. आणायला जायची वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली. शेवटी शेवटी मी तिला सोडून परत यायचोच नाही, समोरच्या झाडाखाली स्कूटर लावून बसायचो. काचेतून अर्धा फळा आणि तिचा एक हात दिसायचा. क्लासची पोरं मला ओळखू लागली. एक जण एकदा म्हणाला, "भिया, आप मॅडम के हसबंड हो कि गार्ड?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तिला सांगितलं, तर ती हसली नाही.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली. "मी टेंपोनं येत जाईन."

"मला कसला त्रास? मी रिकामाच आहे."

"तेच तर."

मी तिच्यावर कधी हात उगारला नाही, ओरडलो नाही, दारूला शिवलो नाही. हे मी पुढे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे की आता लिहितानाही लाज वाटते. मी फक्त बघत राहायचो. ती कोणाशी बोलली, आज उशीर का झाला, पोळ्या लाटताना तिचं तोंड कसं होतं. एका संध्याकाळी तिनं लाटणं खाली ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही वाईट माणूस नाही. पण मला आता तुमच्याबरोबर राहायचं नाही. मला जायचंय, कायमचं." आम्हाला मूल नव्हतं. साताऱ्याला तिच्या आईचं घर होतं, हातात शिकवता येईल असं काम होतं. तिनं सगळा विचार करून ठेवला होता. मला मात्र एवढंच वाटलं की हिला समजावणारं कोणीतरी मोठं माणूस पाहिजे.

तसे एक काका आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. नात्यानं कोणी नव्हेत. मिलमध्ये वेल्फेअर ऑफिसर होते आणि मिल बंद पडण्याआधीच मानानं रिटायर झाले होते. जॉबर म्हणजे मुकादम आणि कामगाराची मारामारी, क्वार्टरवरून दोन भावांचं भांडण, कोणाची बायको माहेरी निघून गेलेली, सगळं त्यांच्या टेबलाशी यायचं आणि मिटायचं. नोकरी संपली तसं टेबल गेलं, पण माणसं येत राहिली. आता ती रविवारी सकाळी, पोह्यांच्या वेळेला, त्यांच्या बैठकीत यायची.

"कोर्ट-कचेरीच्या चक्करमध्ये पडू नको, बेटा," काका मला म्हणाले. "वकील दोघांना निचोडून घेतो. माझ्याकडे काही लागत नाही. आणि माझ्या हातून आजपर्यंत एकही घर टुटलेलं नाही. एक पण नाही."

हे शेवटचं वाक्य मी आश्वासन म्हणून ऐकलं. ती त्यांची अट होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्यांची कामाची पद्धत मिलमधलीच होती. एका वेळी एक बाजू ऐकायची. मिलमध्ये दुसऱ्या पक्षाला व्हरांड्यात बसवत. घरी व्हरांडा नव्हता, म्हणून मी दिवाणावर काकांसमोर बसायचो आणि तिला काकू पडद्याआड, मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात घेऊन जायच्या. माझं म्हणणं मी स्वतः सांगायचो. तिचं म्हणणं ती कोथिंबीर निवडता निवडता काकूंना सांगायची, आणि मग काकू पडद्यापाशी येऊन ते बाहेर सांगायच्या. बाईमाणसानं परक्या पुरुषासमोर नवऱ्याविषयी काय बोलायचं, त्यापेक्षा हे बरं, असं सगळ्यांना वाटायचं. मलाही.

"ती म्हणते, घरात मन लागत नाही," काकू सांगायच्या. किंवा, "म्हणते, आईकडे जावंसं वाटतं."

काका मान हलवायचे. "स्वाभाविक आहे. आणखी?"

"आणखी काही नाही. पोहे देऊ का?"

घरी येताना ती चालता चालता विचारायची, "मी सांगितलं त्यावर काका काय म्हणाले?"

"विचार करून राहिलेत," मी म्हणायचो.

ज्याच्याकडून फुकट काम करून घ्यायचं त्याला कशालाच नाही म्हणता येत नाही. काकांचं विजेचं बिल मी भरायला लागलो. मग दळण, मग गॅसचा नंबर लावणं, मग त्यांची दाढ दुखली की दवाखान्यात नेणं-आणणं. ती काकूंबरोबर पापड लाटायची, त्यांच्या हळदीकुंकवाला पदर खोचून राबायची. जिला एका घरातून सुटायचं होतं तिला आता दोन घरं झाली. आमचं काय चाललंय हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. भाजीवालीसुद्धा तिला विचारायची, "बेटी, क्या बोले काकाजी?" आणि आता वकिलाकडे जाणं शक्यच नव्हतं, तो काकांचा अपमान झाला असता.

"हे कधी संपणार?" तिनं एकदा विचारलं.

"मिटलं की संपेल."

"आणि नाही मिटलं तर?"

मिलच्या कज्ज्यालासुद्धा कधी तरी शेवटची तारीख लागायची. इथे तशी काही सोयच नव्हती. उन्हाळ्यात सुरू झालेले रविवार दिवाळी ओलांडून पुढे गेले.

थंडीच्या सुरुवातीच्या एका रविवारी काका फार खुशीत दिसले. ती नेहमीप्रमाणे काकूंबरोबर आत गेली. काका म्हणाले, सांवेर रोडवर त्यांच्या ओळखीच्या एकानं प्लास्टिकच्या पिशव्यांचा कारखाना टाकला आहे आणि त्याला स्टोअर सांभाळायला भरवशाचा माणूस हवा आहे. "तुझं नाव देऊन टाकलंय मी. उद्यापासूनच जायचं. आता तू दिवसभर बाहेर. तिनं क्लास अर्ध्या दिवसाचा करावा, आईंकडे बघावं. संध्याकाळी दोघं एकत्र जेवा. बात खतम. बोल, मंजूर?"

मी काय बोलणार? मी दोनदा मान डोलावली.

"मग आता राजीनामा होऊनच जाऊ दे," काका म्हणाले आणि पडद्याकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "अगं, विचार जरा सूनबाईला. म्हणावं, हा राजी आहे. राजीनामा करायची तिची तयारी आहे का?"

इथे जरा थांबून सांगायला हवं. इंदूरच्या कोर्टात, ठाण्यात, मिलमध्ये राजीनामा म्हणजे समझौता. दोन्ही पक्ष राजी झाले, भांडण मिटलं, तक्रार मागे घेतली. नोकरी सोडायची असेल तर आमच्याकडे माणूस इस्तीफा देतो. टाइम ऑफिसात मी इस्तीफेही पुष्कळ पाहिले आणि राजीनामेही पुष्कळ, आणि दोन्हींच्या फायली वेगळ्या कपाटांत असायच्या. महाराष्ट्रात राजीनामा म्हणजे पद सोडणं, हे मला वाचून माहीत होतं. पण त्या क्षणी ते माझ्या मनातही आलं नाही. काकूंच्या तर येणंच शक्य नव्हतं, त्यांचा जन्म इथलाच.

आत वेळ लागला नाही. काकू बाहेर आल्या त्या डोळे पुसतच. "हो म्हणाली! एकदम हो म्हणाली. मी परत विचारलं, तर म्हणते, ते खरंच राजी आहेत? मग माझी आजच तयारी आहे."

काकांनी मला मिठी मारली आणि पेढे आणायला पिटाळलं. मी आणलेले पेढे काकूंनी गल्लीत घरोघरी दिले. काकांनी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून साताऱ्याला फोन लावून तिच्या आईला सांगितलं, काळजी मिटली. तोवर ती आत भांडी विसळत होती. मग बाहेर येऊन ती काकांच्या पाया पडली. तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत तसा पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळविषयी लिहिणं मला जड जातं. आम्ही स्कूटर काढून राजवाड्याकडे गेलो. तिनं आपण होऊन गराडू, म्हणजे तळलेले कंद, मागितले आणि गाडीवाल्याला "भिया, मसाला थोडा और" म्हणून अगदी इंदुरी हेलात सांगितलं. एरवी ती तसं कधी बोलायची नाही. मग तिनं स्वतःच्या पगारातून माझ्या आईसाठी शाल घेतली, रंगावरून दुकानदाराशी बराच वेळ घातला. स्कूटरपाशी आल्यावर म्हणाली, "तुम्ही मोठं मन केलंत. मला वाटलं नव्हतं."

"तूसुद्धा केलंस," मी म्हणालो.

"माझं काय त्यात? मला तर हेच हवं होतं."

"मलाही हेच हवं होतं."

तिनं जरा चमकून माझ्याकडे पाहिलं. मग हसली आणि म्हणाली, "मग आधी का नाही बोललात?" सबंध रस्ताभर ती बोलत होती, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यासारखी. आमच्या संसारातली ती सगळ्यात सुखाची संध्याकाळ होती, असं मी आजही म्हणेन. दोघांचं सुख एकमेकांच्या अगदी उलट होतं, एवढंच.

सकाळी उठून पाहतो तर ती स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढत होती.

"कुठे निघालीस?"

"लगेच नाही. क्लासची ही बॅच संपवते. पण आवरायला तर घ्यायला हवं."

"काय आवरायला?"

"असं काय करता? काल राजीनामा झाला ना?"

"झाला की."

"मग?"

कळलं मला आधी. मी सांगितलं, राजीनामा म्हणजे समझौता. मिटलं. तू राहायला हो म्हणालीस.

ती आधी हसली, स्टुलावर उभी राहून, पाटीसमोर हसायची तशी. "आमच्याकडे राजीनामा देतात आणि जातात हो. देऊन तिथेच राहत नाही कोणी." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू थांबलं. "चला, आत्ताच काकांना सांगून येऊ. समजण्यात चूक झाली म्हणू."

मी चप्पल घालायला हवी होती. गल्लीच्या टोकापर्यंत चालत जायचं, एवढंच काम होतं.

"पेढे वाटून झालेत," मी म्हणालो.

"मग काय झालं?"

"आज मला कारखान्यात जायचंय. काकांच्या शब्दावर त्यांनी घेतलंय मला."

ती बॅग दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली. तेवढ्यात आई नवी शाल पांघरून दारात आली. "काय गं, काय झालं?"

"काही नाही," मीच म्हणालो. "माळा साफ करतेय."

तिनं बॅग परत वर सरकवली.

त्या राजीनाम्यात मला नोकरी मिळाली आणि तिला मी. ती उठून निघून का गेली नाही, असं पुढे काही जणांनी विचारलं. तिनं आईला फोन केला होता. पलीकडून उत्तर आलं, चार लोकांत हो म्हणून आता शब्द फिरवू नकोस, तुझ्या भावाची सोयरीक चालू आहे. काकू तर तिचा आनंद बघून रडल्या होत्या, त्यांना काय सांगणार? आता फक्त मी तोंड उघडलं असतं तर काही झालं असतं. मी रोज सकाळी डबा घेऊन सांवेर रोडला जात होतो.

असं वर्ष गेलं, आणि वर आणखी काही महिने. ती भांडली नाही. घरात सगळं वेळच्या वेळी होत होतं. माझ्याशी ती पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. "भाजी वाढू? दार लावून घ्या. उद्या पाणी लवकर येणार आहे." मी बघत बसायचं सोडून दिलं होतं, त्याचा उपयोग उरला नव्हता. माझ्याकडे आता पगार होता, घरी जेवायला वाढणारी बायको होती, आणि संध्याकाळी गल्लीत शिरताना पाय जड व्हायचे.

काकांना आमचा फार अभिमान वाटायचा. कोणतंही नवं भांडण आलं की ते त्या नवरा-बायकोला आमच्या घरी चहाला पाठवायचे. "जा, बघून या. ही जोडी पण टुटायला आली होती." मग आम्ही दोघं शेजारी शेजारी बसायचो, मी तिच्याकडे बघून हसायचो, ती माझ्या कपात साखर ढवळायची. लोक समाधानानं जायचे. ते गेल्यावर ती कप उचलून आत नेत असे आणि बराच वेळ बाहेर येत नसे.

एकदा एक जोडपं आलं, लग्नाला वर्षही न झालेलं. मुलगा महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आलेला, चांगल्या कंपनीत होता. मुलगी आत चहाच्या मदतीला गेली. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, फक्त चौकट आहे. मुलीचा आवाज बाहेर आला.

"वहिनी, तुमचं सगळं ठीक झालं म्हणे. काका फार सांगतात तुमचं."

"साखर किती घालू?"

"एक चमचा."

साखरेचा डबा बंद झाल्याचा आवाज आला. मग माझी बायको म्हणाली, "हे बघ, तुला काय सांगायचंय ते काकूंपाशी सांगू नकोस. बाहेर जा, समोर बस आणि स्वतःच्या तोंडानं सांग. लाज वाटली तरी सांग. आणि ते कुठला शब्द वापरतील त्याचा अर्थ विचारून घे. दोनदा विचार."

"तुम्ही विचारला नव्हता?"

"नाही. मला वाटलं, मला येतो."

"मग आता?"

"आता काय? उतू जाईल, गाळणं दे."

त्याच वेळी समोर बसलेला तो मुलगा मला विचारत होता, "सर, काका खरंच काही फी घेत नाहीत ना? माझ्या मित्राचे वकिलाकडे फार गेले."

"नाही," मी म्हणालो. "काही घेत नाहीत."

तो खूश झाला. आणि मला माझंच त्या काळचं समाधान आठवलं.

पुढच्या रविवारी मी तिला म्हणालो, "काकांकडे जायचंय. आज तू आत जाऊ नकोस." तिनं का म्हणून विचारलं नाही. केस बांधले आणि निघाली.

काकूंनी पडदा बाजूला केला, "ये गं." ती दिवाणावरून उठली नाही. माझ्या शेजारी, मध्ये जागा सोडून, ताठ बसून राहिली.

"बेटा, तू आत—" काका म्हणाले.

"नाही काका. मी इथेच बोलते." ती सरळ काकांकडे बघून बोलत होती. "मला यांच्याबरोबर राहायचं नाही. त्या दिवशी मी राजीनाम्याला हो म्हणाले, ती जायला हो म्हणाले होते. आमच्याकडे त्या शब्दाचा अर्थ सोडून जाणं असाच आहे. तुमच्याकडचा मला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर नाही म्हणाले असते. यांनी मला मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. तरीही मला राहायचं नाही."

काका आधी हसले. "अरे, एका लफ्जासाठी एवढं?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं."

"आणि बोलला नाहीस?"

"नोकरी होती," मी म्हणालो.

काकांचा चेहरा उतरला. ते काकूंवर उखडले, "तू तरी नीट विचारायचंस!"

काकू पडदा धरून उभ्या होत्या. "माझ्यावर का ओरडता? पहिल्या रविवारीच म्हणाली होती ती, मला जायचंय म्हणून. तसंच्या तसं बाहेर कसं सांगू? तुम्ही म्हणाला असता, बाईच घर तोडून राहिली. मी आपलं मन लागत नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, लागेल हळूहळू."

मग काकांनी मला विचारलं, "आणि तुला काय पाहिजे?"

इतक्या रविवारांत मी त्या दिवाणावर बसून खूप बोललो होतो, पण खरं असं आज पहिल्यांदाच बोललो. "तिनं जाऊ नये असंच मला वाटतं. पण तिला जाऊ द्या."

"द्यायचं कोणी काही नाही," ती म्हणाली. रागानं नाही. "मी जाते." आणि वाकून काकूंना नमस्कार करून ती चपला घालायला लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अजूनही मी तिच्या जाण्याची परवानगी काकांकडे मागत होतो.

काकांनी मला त्रास दिला असं म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त मला काम सांगायचं सोडलं, आणि बघता बघता गल्लीनं बोलायचं सोडलं. कारखान्यात लवकरच दुसरा स्टोअरकीपर आला. आईनं मला कधीच दोष दिला नाही, पण ती माझ्या बाजूनंही कधी बोलली नाही. बायकोनं क्लासमधल्या एका बाईंबरोबर पलासियाकडे खोली घेतली. वर्षभरानं आम्ही दोघांनी मिळून कोर्टात अर्ज दिला. सहा महिने थांबावं लागलं. वकील दोघांसाठी एकच होता आणि त्याची फी मी समजत होतो तेवढी नव्हती.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, एकत्र राहण्याची काही शक्यता आहे का. तिनं स्वतः नाही म्हणून सांगितलं, मग मी. दोन मिनिटंही लागली नसतील. बाहेरच्या टेबलावर बाबूनं आमच्या बयानाचे कागद सह्यांसाठी पुढे केले. मी पेन उघडलं. ती खुर्ची ओढून बसली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. मागे रांग होती.

"भैयाजी, ये 'बिना किसी दबाव के' मतलब?"

"मतलब किसी का प्रेशर नहीं. साइन कीजिए, मॅडम."

"और ये 'परित्याग'?"

"छोड़ना. सब लिखा है न उसमें."

"कौन किसको, ये भी लिखा है?"

बाबूनं वैतागून चष्मा वर केला, कागद स्वतःकडे वळवला आणि ते वाक्य तिला बोट ठेवून वाचून दाखवलं. रांगेतला एक जण म्हणाला, "अरे भिया, क्लास चल री क्या?" ती वळली नाही. पान संपलं, उलटलं, दुसऱ्या पानावर आणखी एक शब्द विचारला. मग सही केली, आपलं पूर्ण नाव लिहून, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीही वाचून घ्या," ती म्हणाली.

मी वाचलं. मला सगळे शब्द येत होते.